वय दोन्ही डोळ्यांना सारखंच होतं

वाचकाचं पत्र, थोडक्यात: वय ६४, निवृत्त शिक्षिका, घर नाशिकला इंदिरानगरात. आठवड्यातून चार संध्याकाळी स्कूटरवरून पंचवटीत भजनाच्या वर्गाला जातात. परतायला साडेसात-आठ होतात. गेल्या काही महिन्यांत तीनदा असं झालं की समोर कोणीच नाही असं वाटत होतं आणि माणूस एकदम हाताच्या अंतरावर उभा. दोनदा पायी चालणारी बाई, एकदा बिनदिव्याची सायकल, तिन्ही वेळा डावीकडून. दोन महिन्यांपूर्वी चष्म्याच्या दुकानात नंबर तपासला तेव्हा चष्म्यासह ६/६ आलं. गेल्या वर्षी डॉक्टर म्हणाले होते की डाव्या डोळ्यात मोतीबिंदूची सुरुवात आहे, पण अजून पिकलेला नाही. ९ वर्षांपासून मधुमेह आहे, गोळ्यांवर आटोक्यात. लांबचा नंबर अधिकचा (प्लस), चष्मा प्रोग्रेसिव्ह, म्हणजे एकाच काचेत वर लांबचा आणि खाली वाचायचा नंबर. मुलगा म्हणतो, स्कूटर विकून टाक. यजमान म्हणतात, पिवळ्या काचेचा चष्मा घे आणि गाडीला मोठा एलईडी दिवा बसव. त्या विचारतात: "नजर ६/६ आहे म्हणजे हे वयामुळेच होत असणार. वयाला औषध नाही. मग किल्ली देऊन टाकू का?"

बाई, "तिन्ही वेळा डावीकडून" हे तीन शब्द तुम्ही ओघात लिहून पुढे गेलात. माझा सगळा सल्ला तिथूनच सुरू होतो.

वय दोन्ही डोळ्यांना सारखंच होतं. चौसष्टीमुळे कडेचं अंधुक दिसत असेल तर ते उजवीकडेही तितकंच अंधुक दिसायला हवं. एकाच बाजूचं निसटतं तेव्हा वयावर खापर फोडायच्या आधी त्या बाजूला दुसरं काही चाललंय का, हे बघावं लागतं. अर्थात याला एक साधं उत्तर असू शकतं. आपण डावीकडून गाडी चालवतो. पायी माणूस, सायकल, हातगाडी, बसलेली म्हैस हे सगळं डाव्या कडेलाच असतं आणि रस्त्याची ती कड बहुतेक वेळा सगळ्यात काळोखी असते. म्हणजे दोष रस्त्याचाही असू शकेल. पण घरी बसून हे ठरवता येत नाही, आणि "वयच झालं" म्हटलं की शोध तिथेच थांबतो.

आधी ६/६ बद्दल. भिंतीवरचा तो तक्ता म्हणजे पांढऱ्याशुभ्र पाटीवर काळीकुळकुळीत अक्षरं, वर झगझगीत दिवा, आणि तुम्ही थेट अक्षराकडे बघताय. बारीक अक्षर किती लांबून वाचता येतं, एवढंच तो मोजतो. राखाडी रस्त्यावर राखाडी माणूस उठून दिसतो का, तुम्ही समोर बघत असताना कडेचं लक्षात येतं का, अंधारात काय होतं, यातलं काहीच त्यात येत नाही. लायसन्सच्या अर्जातला प्रश्नही असाच आहे: २५ मीटरवरची नंबरप्लेट वाचता येते का, आणि तीही चांगल्या दिवसाउजेडी. त्याच अर्जात रातांधळेपणा आहे का असंही विचारलेलं असतं, पण त्याचं उत्तर आपलं आपणच लिहायचं असतं. तेव्हा दुकानातला ६/६ खोटा नाही. तो वेगळ्याच प्रश्नाचं उत्तर आहे.

मग डोळ्याच्या कडेला आणि अंधारात काय घडतं? दृष्टिपटलावर, म्हणजे डोळ्याच्या आतल्या मागच्या पडद्यावर, दोन प्रकारच्या पेशी असतात. सुमारे ६० लाख शंकूपेशी रंग आणि बारकावे बघतात. त्या मध्यभागी दाटीने असतात आणि त्यांना भरपूर उजेड लागतो. दंडपेशी १२ कोटींच्या आसपास. रंग त्यांना कळत नाही, पण मंद उजेड कळतो. अगदी मध्यबिंदूवर एकही दंडपेशी नसते. नजरेच्या मध्यापासून १५ ते २० अंशांवर त्या सर्वाधिक दाट असतात. म्हणून अंधुक तारा थेट पाहिला तर गायब होतो आणि किंचित बाजूला पाहिलं की दिसतो. दिवेलागणीनंतर रस्त्याची कड तुम्ही बघता ती मुख्यतः या दंडपेशींच्या जोरावर.

वयाचा फटका नेमका त्यांना जास्त बसतो. तरुणपणापासून नव्वदीपर्यंत मध्यभागाच्या आसपासच्या जवळपास ३० टक्के दंडपेशी कमी होतात, तर मध्यावरच्या शंकूपेशी बऱ्याचशा शाबूत राहतात. त्यामुळे वाचन उत्तम चालतं आणि अंधारातली चाल बिघडते, हे दोन्ही एकाच माणसात सुखाने नांदतं. शिवाय मुळात आत येणारा उजेडच घटतो. अंधारात तरुण माणसाची बाहुली ७-८ मिलिमीटरपर्यंत उघडते, साठी-सत्तरीत ती साधारण पाचाच्या आसपास अडकते. ७ चे ५ झाले म्हणजे क्षेत्रफळ निम्मं झालं. त्यात डोळ्यातलं भिंग पिवळसर पडलेलं. साठीच्या डोळ्यात दृष्टिपटलापर्यंत पोचणारा उजेड विशीच्या मानाने एक-तृतीयांश उरतो, असं साधारण गणित मांडतात. आणि मधुमेहात बाहुली अंधारात आणखीच आखडती राहू शकते.

आता लाल रंगाची गंमत. दंडपेशींना लाल जवळपास दिसतच नाही. त्यामुळे सांजवेळी लाल, मरून, कुंकवाच्या रंगाची साडी काळी पडत जाते आणि त्यामानाने निळं-हिरवं उजळ वाटतं. दुपारी अर्ध्या मैलावरून डोळ्यात भरणारी साडी साडेसातला डांबरात मिसळून जाते. तुम्हाला न दिसलेल्या दोघींच्या साड्यांचे रंग आठवून बघा.

अंधाराला सरावायलाही वेळ लागतो. उजेडातून अंधारात गेल्यावर शंकूपेशी ५-१० मिनिटांत सावरतात, दंडपेशींना पूर्ण सरावायला अर्धा तास लागतो, आणि वय वाढलं की तो वेळ आणखी लांबतो. वर्गाच्या ट्यूबलाइटमधून उठून, फोनवर "निघाले" असा निरोप टाकून लगेच किक मारलीत, तर पहिली काही मिनिटं तुम्ही डोळ्यांशिवायच गाडी चालवताय असं समजा. द्वारका चौकाच्या बाजूने उड्डाणपुलाखालून येत असाल तर खांबांच्या सावल्या आणि दिव्यांचे झोत आलटून पालटून येतात. तरुण डोळा तो बदल झेलतो, आपला मागे पडतो.

समोरच्या गाडीच्या प्रकाशझोताचंही असंच. भिंग गढूळलं की झोत डोळ्याच्या आत विखुरतो आणि पूर्ण चित्रावर पातळ पांढरा पडदा पसरतो. माणूस रस्त्यावर असतो, डोळ्यात त्याची सावलीही पडते, पण पडद्यामुळे तिचा उठाव जातो. प्रकाशतज्ज्ञ वापरतात त्या सूत्रानुसार सत्तरीत हा पडदा तरुण डोळ्याच्या दुप्पट दाट असतो, तुमच्या वयाला जवळजवळ पावणेदोन पट. हे निरोगी डोळ्याचं झालं. मोतीबिंदू असेल तर आणखी जास्त. याच सूत्राचा दुसरा भाग मात्र कामाचा आहे: दिव्यापासून नजर जितकी दूर, तितका पडदा झपाट्याने विरतो. अंतर दुप्पट केलं की पडदा चौपट पातळ. म्हणून समोरून अप्पर मारत कोणी आला की त्याच्या दिव्याकडे बघायचं नाही. नजर रस्त्याच्या डाव्या कडेच्या पट्ट्यावर ठेवायची आणि वेग कमी करायचा.

आता पुन्हा डाव्या बाजूकडे. दोन्ही डोळे मिळून सुमारे १८० अंश दिसतं, पण त्यातलं मधलंच दोघांच्या सामाईक वाट्याला येतं. अगदी डावीकडचा शेवटचा तीसेक अंशांचा पट्टा फक्त डावा डोळा बघतो, कारण उजव्याच्या आड नाक येतं. तुमचा मोतीबिंदू डाव्या डोळ्यात आहे. ६/६ हे दोन्ही डोळे उघडे ठेवून आलं असेल तर ते उजव्या डोळ्याचं कौतुक असू शकतं. घरी एक करून बघा: दिवेलागणीला, दिवा न लावता, आधी उजवा डोळा हाताने झाकून खोलीभर नजर फिरवा, मग डावा झाकून. एका डोळ्याने खोली धुकट, फिकी किंवा एका कोपऱ्यात रिकामी वाटते का? फरक जाणवला तर डॉक्टरांना सांगा. नाही जाणवला तर निर्धास्त होऊ नका, कारण मेंदू रिकाम्या जागा स्वतःच भरून काढतो आणि काचबिंदूचा रोगी याच कारणाने वर्षानुवर्षं गाफील राहतो.

काचबिंदूचं नाव मुद्दाम घेतलं. तो दुखत नाही, ६/६ बरीच वर्षं टिकू देतो आणि कडेच्या नजरेतले फिकट फरक आधी पुसतो. साठी उलटलेली, अधिक नंबर असलेली बाई म्हणजे डोळ्यातला कोन, आतलं पाणी जिथून निचरतं ती जागा, अरुंद असण्याची शक्यता जरा जास्त. हा कोन एकदम बंद झाला तर मात्र दुखतं: दिव्यांभोवती इंद्रधनुषी कडी दिसून डोळा आणि डोकं दुखलं, मळमळलं, तर ती रात्र घरी काढू नका. तसंच अचानक डोळ्यासमोर विजा चमकल्या, काळ्या ठिपक्यांचा थवा आला किंवा एका बाजूने पडदा सरकत आला, तरीही त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. बाकी सगळ्याला आठवडाभर वेळ आहे. पण आठवडाभरच, कारण मधुमेहात दरवर्षी बाहुली मोठी करून मागचा पडदा (दृष्टिपटल) तपासायचा असतो आणि तुमचं ते वर्ष उलटून गेलेलं दिसतंय.

डोळ्यांच्या डॉक्टरांकडे (दुकानात नव्हे) जाऊन "नंबर बघा" म्हणू नका. म्हणा: "अंधारात कडेचं दिसत नाही, विशेषतः डावीकडचं." या एका वाक्याने तपासणीची दिशा बदलते. मग प्रत्येक डोळ्याचा नंबर वेगळा, आणि जमल्यास खोलीतला उजेड कमी करून. अधिक नंबर पाव-अर्ध्याने जास्त दिला गेला असेल तर दिवसा चालून जातं, रात्री लांबचं पसरट दिसतं. मग डोळ्याचा दाब; तो साधारण १० ते २१ (पाऱ्याचे मिलिमीटर) दरम्यान असतो. पण दाब बरोबर असूनही काचबिंदू असू शकतो, त्यामुळे नुसत्या आकड्यावर समाधान मानू नये. कोनाची तपासणी बाहुली मोठी करण्याआधी. मग थेंब टाकून मागचा पडदा आणि डोळ्याची नस. आणि दृष्टिक्षेत्राची चाचणी, जिला बहुतेक ठिकाणी फील्ड टेस्ट म्हणतात: एका वाडग्यासारख्या यंत्रात हनुवटी टेकवायची, मधल्या ठिपक्यावरून नजर हलवायची नाही आणि कडेला दिवा लुकलुकला की बटण दाबायचं. दर डोळ्याला ५ ते ८ मिनिटं लागतात. जवळपास निम्मे दिवे इतके मंद असतात की दिसत नाहीत, यंत्राची रचनाच तशी असते. घाबरून अंदाजाने बटणं दाबली तर निकाल बिघडतो. पहिल्यांदा गोंधळ होतोच. दुसऱ्यांदा करायला सांगितलं तर पैसे उकळतायत असं समजू नका.

या चाचणीलाही मर्यादा आहे, ती आधीच सांगते. तो वाडगा मंद का होईना, उजळलेला असतो. काचबिंदू, नसेचा आजार, पडद्यावरचे डाग ती पकडते. पण दंडपेशी अंधाराला किती सावकाश सरावतात हे तिच्यात दिसत नाही. ते मोजायची यंत्रं फार थोड्या ठिकाणी आहेत. फिक्या होत जाणाऱ्या अक्षरांचा तक्ता असेल तर तो जरूर करून घ्या: एक मीटरवरून वाचायचा, सगळी अक्षरं एकाच आकाराची, तीन-तीनच्या गटांनी फिकी होत जातात, दर दोन गटांनी उठाव निम्मा. गुण १.५ च्या खाली गेले तर रस्त्यावरचा त्रास तुमच्या मनाचा खेळ नाही याचा कागदी पुरावा मिळाला. हाही तक्ता मध्यभागाचाच आहे, पण भिंग किती गढूळलंय हे तो ६/६ पेक्षा खूप आधी सांगतो.

मोतीबिंदू "पिकायची" वाट बघणं ही जुन्या शस्त्रक्रियेच्या काळातली गोष्ट. हल्ली भिंग फोडून, ओढून काढतात. ते फार कडक झालं तर उलट काम अवघड होतं. कधी काढायचा याचा निकष मोतीबिंदूचा रंग नाही, तुमचं अडतंय का हा आहे. आणि तुमचं अडतंय. भिंगाच्या मागच्या पापुद्र्याजवळचा मोतीबिंदू तर लहान असूनही झोतात पार आंधळं करतो आणि तक्त्यावर चांगले गुण देत राहतो. शस्त्रक्रिया ठरलीच तर रात्री गाडी चालवता हे आधी सांगा. जवळचं-लांबचं दोन्ही दाखवणारं मल्टिफोकल भिंग बसवलं की चष्मा सुटतो, पण उजेड वाटला जातो, उठाव थोडा कमी होतो आणि रात्री दिव्यांभोवती कडी दिसू शकतात. रात्रीच्या रस्त्यासाठी साधं एकाच अंतराचं भिंग आणि वाचायला चाळशी, हा कमी झगमगीत पण प्रामाणिक सौदा आहे. भिंगाच्या किमतीवरून त्याची गुणवत्ता ठरवू नका. मधुमेह असल्यामुळे पडद्याला सूज नाही ना, हे शस्त्रक्रियेआधी बघून घ्यावं लागेल. (वाचकांपैकी पुरुषांसाठी: प्रोस्टेटच्या काही गोळ्यांनी बाहुली ढिली पडते. त्या चालू असतील, किंवा पूर्वी कधी घेतल्या असतील, तर शस्त्रक्रियेआधी सांगायला विसरू नका.)

यजमानांच्या दोन्ही सूचना प्रेमाच्या आहेत, पण दोन्ही नकोत. पिवळी काच झोत सुसह्य झाल्यासारखी वाटते, कारण तो थोडा मंदावतो. पण त्याबरोबर काळोखातला माणूसही मंदावतो. आधीच एक-तृतीयांश उरलेल्या उजेडातून आणखी कापून काय साधणार? २०१९ मध्ये अमेरिकेत बॉस्टनला सिम्युलेटरवर केलेल्या अभ्यासात पिवळ्या काचांनी पादचारी ओळखण्यात काहीच सुधारणा झाली नाही. रात्री काच पांढरीच हवी. हवं ते प्रतिबिंबरोधक कोटिंग: साध्या काचेच्या दोन पृष्ठांवरून मिळून सुमारे ८ टक्के उजेड परत फिरतो आणि मागून येणाऱ्या दिव्यांची भुतं काचेत नाचतात. कोटिंगने दोन्ही बरंचसं जातं.

एलईडीचं म्हणाल, तर मोठा दिवा झोतातलं अधिक उजळ करतो, आणि त्या उजेडाला सरावलेल्या डोळ्याला झोताबाहेरची कड अधिकच काळी दिसते. तुमचा त्रास नेमका झोताबाहेरचा आहे. शिवाय हॅलोजनसाठी बनवलेल्या परावर्तकात बाजारातला एलईडी घातला की उजेड वाटेल तसा फेकला जातो आणि समोरून येणारे तुमच्याच वयाचे चार लोक आंधळे होतात. आहे तोच दिवा नीट करा. त्याची काच धुवा, पिवळी पडली असेल तर बदला. मग संध्याकाळी भिंतीपासून साडेसात मीटरवर गाडी उभी करून तुम्ही स्वतः सीटवर बसा: डिपरच्या उजेडाची वरची कड दिव्याच्या उंचीपेक्षा हाताच्या पंजाएवढी खाली पडायला हवी. मागे कोणी बसलं की पुढचा भाग उचलला जातो आणि झोत आकाशात जातो, म्हणून यजमान मागे बसत असतील तर तेही बघून घ्या. गॅरेजवाल्याला दहा मिनिटांचं काम आहे.

हेल्मेटची काच तर लोक विसरतातच. साडीच्या पदराने कोरडी पुसून पुसून तिच्यावर केसासारखे ओरखडे पडतात आणि प्रत्येक ओरखडा झोताची एक रेघ ओढतो. पाणी आणि साबणाचे दोन थेंब, ओलं सुती फडकं, बस्स. ओरखडे असतील तर काच नवी घ्या. हेल्मेट बदलायची गरज नाही. काळी किंवा धुरकट काच संध्याकाळनंतर अजिबात नको. आणि नाशिकच्या थंडीत आपण जी कानटोपी, वर मफलर, वर हेल्मेट घालतो, त्यात डोळ्यांच्या बाजूची निम्मी नजर कापडातच अडकते. मफलर गळ्यालाच ठेवा. जाड दांड्यांची चष्म्याची फ्रेम हेच करते.

तुमचा प्रोग्रेसिव्ह चष्मा घरात ठीक. त्याच्या खालच्या कडेला, डावी-उजवीकडे, दृश्य लाटेसारखं वाकतं. तिथे फिकट फरक हमखास हरवतात, आणि खालचा भाग वाचायच्या नंबरचा असल्याने पायाशी असलेलं धूसर दिसतं. स्कूटरसाठी आणि बाहेर चालण्यासाठी फक्त लांबच्या नंबरचा, मोठ्या काचेचा, बारीक दांडीचा वेगळा चष्मा करा. रामकुंडावर काळ्या पाषाणाच्या ओल्या पायऱ्या उतरताना तो जास्त उपयोगी पडेल: काळ्यावर काळं, कडेला रंगाची रेघ नाही, वर वाचायच्या काचेतून दिसणारी धूसर पायरी. पडायला याहून जास्त सोय काय हवी!

गाजर, अ जीवनसत्त्वाच्या गोळ्या? पालेभाजी, पपई, दूध रोजच्या जेवणात असेल तर कमतरता सहसा नसते, आणि भरून काढण्याजोगं काही नसताना गोळ्या घेतल्या तर यकृताला त्रास होतो. यकृताचा जुना आजार किंवा आतड्याची शस्त्रक्रिया झालेल्यांनी मात्र डॉक्टरांना विचारावं. त्यांच्यात खरा रातांधळेपणा येऊ शकतो आणि तो उपचाराने भरूनही निघतो.

आता किल्ली. तुमच्या घरात "चालव" किंवा "वीक" असे दोनच पर्याय मांडले गेलेत, आणि मुलगा घाबरलाय म्हणून त्याला तिसरा दिसत नाही. दुपारी चारला कॉलेज रोडला भाजी आणायला जाणं आणि रात्री आठला पंचवटीहून परतणं ही एकच गोष्ट नाही. पहिलीला हात लावायचं कारण निदान आज तरी नाही.

दुसरीचा हिशेब करू. अचानक आलेली गोष्ट ओळखून ब्रेकवर बोटं आवळेपर्यंत अडीच सेकंद धरा. ताशी ४० ला तेवढ्यात २८ मीटर जातात, मग कोरड्या रस्त्यावर थांबायला आणखी १२. एकूण ४०. डिपरच्या उजेडात काळपट कपड्यातला माणूस २५-३० मीटरच्या आत आल्यावरच दिसेल, असं धरून चालावं. म्हणजे ४० च्या वेगाला तो दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. तीनदा वाचलात ते नशिबाने किंवा त्या बायांच्या चपळाईने. ३० ला हिशेब २८ मीटरवर येतो, अगदी काठावर. २५ ला २२. अंधारात २५ च्या वर काटा जाता कामा नये, आणि मागून कोणी हॉर्न वाजवला तर वाजवू दे. रस्ता ओला असेल तर गाडीच नको.

वेगापेक्षाही वेळ बदलणं सोपं. नाशिकला डिसेंबरात सूर्य सहाच्या आसपास मावळतो, जूनअखेर सव्वासातच्या सुमारास. मावळल्यावर वीस-पंचवीस मिनिटं संधिप्रकाश असतो आणि तीच सगळ्यात फसवी वेळ: गाडीच्या दिव्याचा अजून उपयोग नाही, दिवसाचा उजेड उरलेला नाही. दिवाळी ते शिवरात्र वर्ग साडेतीनला घ्यायला भजनाच्या बाईंना विचारा. त्या वर्गात तुमच्याच वयाच्या आणखी आठ-दहा जणी असतील आणि त्यांतल्या निम्म्या हाच प्रश्न मनात दाबून गाडी चालवत असतील. वेळ बदलत नसेल तर जाताना स्कूटर न नेता सिटीलिंकच्या बसने जा आणि येताना दोघी-तिघी मिळून रिक्षा करा. महिन्याच्या सोळा फेऱ्यांचं भाडं आणि स्कूटरचा विमा-पेट्रोल-दुरुस्ती एका कागदावर मांडा. मुलाशी बोलताना तो कागद समोर ठेवला तर आवाज चढत नाहीत.

तरीही एखाद्या रात्री चालवायची वेळ आलीच तर निघायच्या आधी पाच-दहा मिनिटं बाहेरच्या ओट्यावर बसा, फोन न बघता. अंतर वाढलं तरी चालेल, पण दिव्यांचा, दुभाजक असलेला रस्ता निवडा. दर दोन-तीन सेकंदांनी मान हलवून डावी कड बघा. नुसते डोळे फिरवू नका, मान हलवा: अंधुक वस्तू स्थिर नजरेत विरून जाते, हललेल्या नजरेत पुन्हा उमटते. शहराबाहेर, निफाड-पिंपळगावच्या रस्त्यांना तर अंधारात जाऊच नका. द्राक्षांच्या आणि उसाच्या हंगामात मागे दिवा नसलेली, रिफ्लेक्टर चिखलाने माखलेली ट्रॉली, त्यात निफाडकडचं धुकं. तिथे विशीतले डोळेही कमी पडतात.

आणि पायी फिरणाऱ्या वाचकांसाठी, कारण हे पत्र वाचून आपण न दिसणाऱ्यांतले आहोत हे त्यांच्या लक्षात आलं असेल. पहाटे पाचला गोल्फ क्लबच्या मैदानाकडे निघालेली मंडळी चॉकलेटी स्वेटर, काळी शाल, काळे बूट अशी नखशिखांत डांबराच्या रंगात असतात. पांढरा शर्ट बरा, पण त्याहून उजवी ती घोट्याला आणि मनगटाला बांधायची परावर्तक पट्टी. हलणारा घोटा चालकाला "माणूस" म्हणून लगेच ओळखू येतो. छातीवरचा पांढरा ठिपका मैलाचा दगडही असू शकतो.

घरातलं एकच सांगते. रात्री बाथरूमला जाताना मोठा दिवा लावला की परत येताना अंधार दुप्पट होतो. गुडघ्याच्या खाली, जमिनीकडे उजेड टाकणारा, चाहूल लागताच पेटणारा मंद पिवळसर दिवा पॅसेजमध्ये लावा. आणि प्रत्येक पायरीच्या कडेला दोनेक इंच रुंदीची, फरशीच्या उलट रंगाची पट्टी चिकटवा. कडप्प्याच्या पायरीला पांढरी, पांढऱ्या फरशीला गडद.

तपासणीच्या दिवशी स्कूटर घरीच. थेंबांनी मोठी झालेली बाहुली चार-सहा तास तशीच राहते, उन्हात डोळे दिपतात आणि जवळचं वाचता येत नाही. यजमानांना सोबत न्या, काळा गॉगल घ्या, सगळे चष्मे, मधुमेहाच्या गोळ्यांची चिठ्ठी आणि शेवटचा एचबीएवनसीचा (तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा) कागद पिशवीत टाका. फील्ड टेस्टचा छापील कागद मागून घ्या, दोन्ही डोळ्यांचा, आणि फाइलला लावून ठेवा. यंदाचा निर्दोष आला तरी तो टाकू नका. पुढच्या वर्षीचा कागद त्याच्याशेजारी ठेवूनच वाचायचा असतो.